१९२८च्या सुमाराची ७८ आरपीएम जॅझ-ब्लूज तबकडी एलपीच्या सुईने वाजवली तर चालेल का?

नाही, त्यासाठी सुमारे ३ मिल (७५ मायक्रॉन) टोकाची, खास ७८ची सुई घ्या. एलपीची जेमतेम ०.७ मिलची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घसरते, तिथली धूळच वाजवते आणि लवकर झिजते. रेकॉर्डिंग मोनो आहे, तेव्हा अँप्लिफायरवर मोनोचं बटण दाबा, बरीच खरखर तिथेच कमी होते. पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको, या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब पुरेत, लेबल मात्र कोरडं ठेवा. एक अपवाद पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांचा (ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन हे तिचे ब्लूज गायक): तिथे मुळात मालच हलका, त्यामुळे योग्य सुई लावूनही खरखर राहणारच.