पेशवाईतील दळण कोणाच्या हातचे?

प्रश्न : शिवकाळ व पेशवाई यांवरील पुस्तकांत लढाया आणि कारभार सविस्तर वाचायला मिळतो, परंतु त्या काळी घरातील स्त्रियांचा दिवस कसा जात असे? मोठ्या वाड्यांतील स्त्रियाही दळण-कांडण करीत असत काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : देशावरील कुणब्याच्या घरात बाईचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते, म्हणून महिन्याचे दळण एकदाच उरकून ठेवण्याची सोय नव्हती, आणि घरात खाणारी माणसे जितकी जास्त तितका वेळ सासू-सुनेला किंवा जावाजावांना खुंटा धरून समोरासमोर बसावे लागे. कोकणात भात कांडण्यासाठी उखळ-मुसळ चाले. त्याखेरीज पाणी, सरपण, शेणगोठा, सारवण आणि हंगामात शेतातील खुरपणी-कापणी ही कामे होतीच. पुण्यात 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून हौदांत सोडण्यात आले. तरी हौदापासून घरापर्यंत ते वाहून न्यावेच लागे.

सरदार-सावकारांच्या वाड्यांतील दळणाचे उत्तर मात्र फारसे सुखावह नाही. तेथील काम कमी झालेले नव्हते, ते कुणबिणींवर, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा सरकारने दास्यात टाकलेल्या स्त्रियांवर सोपवलेले होते. पेशवे दफ्तरातील कागदांत त्यांची खरेदी-विक्री, त्यांना सरकारी कोठ्या व पागांत नेमल्याच्या नोंदी आणि क्वचित त्यांच्या सुटकेचे हुकूमही आढळतात. ‘बदकर्मा’चा, म्हणजे व्यभिचाराचा, ठपका आलेल्या स्त्रीला शिक्षा म्हणून कुणबीण करण्यात येई. ब्राह्मणांच्या घरी सोवळ्यातील स्वयंपाक घरच्या स्त्रियांकडे किंवा ब्राह्मण आचाऱ्याकडे राही. दळण, झाडलोट, गोठा अशा कामांना तो निर्बंध नसे. पेशवाईतील पंगतींची वर्णने आपण मोठ्या कौतुकाने वाचतो, तेव्हा त्या पंगतींचे पीठ कोणी दळले, हेही विचारले पाहिजे.

घरातील बाईने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकिकत विरळा आहे, आणि म्हणूनच संत बहिणाबाईंचे (1628–1700) आत्मचरित्रपर अभंग मोलाचे ठरतात. लहानपणीच वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी लग्न, घरच्या विपत्तीमुळे गाव सोडून झालेली वणवण, कोल्हापुरातील कपिला गाय व तिचे वासरू यांच्याशी जडलेला लळा आणि कीर्तनाच्या ओढीपायी पतीने केलेली मारहाण हे सारे त्यांत आले आहे. त्यांना सांगायचा होता तो परमार्थ. गोठा आणि घर त्या ओघात येतात, पण त्यामुळेच ते खरे वाटतात.

प्रश्न : मग जात्यावरच्या ओव्या त्या काळचा पुरावा म्हणून वापरता येतील काय?

उत्तर : जपून वापरता येतील. गी प्वातवां आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पण त्या विसाव्या शतकातील बायकांनी गायिलेल्या आहेत. ओवी तोंडातोंडी जाताना बदलते, त्यामुळे एखाद्या ओवीला शिवकालीन ठरवणे धाडसाचे होईल. माहेरची ओढ, भाऊरायाची वाट, सासुरवास हे विषय जुने असणे संभवते. एखादी विशिष्ट ओळ तितकी जुनी आहे असे म्हणण्यासाठी मात्र दुसरा लेखी आधार हाताशी हवा.