पाहुण्या कलाकाराला एमी मिळते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतील डेटाइम एमी पुरस्कारांची माहिती दिली होती. हे पुरस्कार तेथील दिवसा प्रसारित होणाऱ्या मालिकांना आणि कार्यक्रमांना दिले जातात. त्या लेखावर आलेली बरीचशी पत्रे पाहुण्या कलाकारांच्या वर्गाविषयी असल्यामुळे या वेळी सदराची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : अमेरिकी अभिनेते डिक व्हॅन डाइक यांना वयाच्या ९८व्या वर्षी हा पुरस्कार मिळाल्याचे आपण लिहिले आहे. तो अभिनयाला मिळाला की वयाला? मालिकेच्या अवघ्या काही भागांसाठी एवढा मोठा मान देणे योग्य आहे का? – एक वाचक, पुणे

वयामुळे त्या पुरस्काराची बातमी जगभर पोहोचली, हे मान्य करायला हवे. ७ जून २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये व्हॅन डाइक यांना हा पुरस्कार मिळाला आणि ते डेटाइम एमीच्या तोपर्यंतच्या इतिहासातील सर्वांत वयोवृद्ध विजेते ठरले. पण वयाकडे पाहताना भूमिका नजरेआड होऊ नये. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ही मालिका १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २०२२ पासून ती पीकॉक या ओटीटीवर दाखवली जाते. या मालिकेत २०२३ साली ते चार भागांपुरते आले. त्यांनी साकारलेल्या वृद्धाची स्मृती गेलेली आहे, तो कोण हे कोणालाच ठाऊक नाही आणि पुढे तो जॉन ब्लॅक या प्रमुख पात्राचा दुरावलेला पिता असल्याचे उघड होते. ज्यांना मालिकेचा इतिहास माहीत आहे, त्यांना या योजनेतील मर्म चटकन कळेल. जॉन ब्लॅक स्वतः १९८६ साली चेहऱ्याला पट्ट्या बांधलेल्या, स्मृती हरपलेल्या अवस्थेतच कथानकात आला होता आणि ती भूमिका तेव्हापासून ड्रेक होगेस्टिन करत होते. म्हणजे ज्या अवस्थेत मुलगा प्रेक्षकांना पहिल्यांदा भेटला, त्याच अवस्थेत सदतीस वर्षांनी बाप भेटतो.

अशा भूमिकेत भडक होण्याचा मोह मोठा असतो. स्मृतिभ्रंश दाखवायचा म्हटले की डोळे विस्फारणे, कपाळाला हात लावणे आणि वाक्य अर्धवट सोडणे हे ठरलेले मार्ग नटाला सहज सापडतात. ज्यांचा चेहरा प्रेक्षकांनी १९६० च्या दशकापासून विनोदी नट म्हणून ओळखला, त्या व्हॅन डाइक यांनी हा मोह टाळला, आणि माझ्या मते पुरस्काराचे समर्थन करायला तेवढे पुरेसे आहे. भागांच्या संख्येवरून या कामाची लहानमोठी प्रतवारी लावणे मला पटत नाही, कारण पाहुण्याची कसोटी थोडक्या वेळातच लागते.

प्रश्न : हा पुरस्कार किती जुना आहे? – एक वाचिका, कोल्हापूर

डेटाइम एमींचा स्वतंत्र सोहळा १९७४ साली सुरू झाला. १९८० साली छोटेखानी भूमिकेसाठी एक वर्ग ठेवण्यात आला होता आणि त्यात 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मधील ह्यू मॅकफिलिप्स विजयी झाले. त्यांच्याबरोबर नामांकन मिळालेल्यांत 'रायन्स होप'मध्ये काम केलेल्या जोन फाँटेन आणि 'वन लाइफ टू लिव्ह'मध्ये आलेले सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखी मोठी नावे होती. ती हरली आणि त्या मानाने अपरिचित नट जिंकला, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. एवढी चांगली सुरुवात होऊनही तो वर्ग टिकला नाही.

त्यानंतर २०१५ साली 'विशेष पाहुणा कलाकार' अशा नावाने हा वर्ग परत आला. त्या वर्षी मते समसमान पडल्यामुळे पुरस्कार एकाहून अधिक कलाकारांना विभागून देण्यात आला. त्यांत 'जनरल हॉस्पिटल'मधील डोना मिल्स आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'मधील फ्रेड विलर्ड हे होते. पुढच्या विजेत्यांपैकी व्हर्नी वॉटसन (२०१८), इव्हा लारू (२०२०), टेड किंग (२०२२) आणि अ‍ॅली मिल्स (२०२३) यांची नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

प्रश्न : अ‍ॅली मिल्स 'जनरल हॉस्पिटल'मध्ये हेदर वेबर ही भूमिका कित्येक महिने करत होत्या. मग त्या पाहुण्या कशा? घरात महिनोन्महिने राहणाऱ्याला आपण पाहुणा म्हणत नाही. – एक वाचक, नाशिक

आपल्या प्रश्नाने या वर्गाच्या सर्वांत दुबळ्या जागेवर बोट ठेवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेतील दुपारच्या मालिकांत कलाकारांच्या श्रेणी करारावरून ठरतात. करारबद्ध कलाकाराला ठरावीक मुदतीत ठरावीक भागांच्या कामाची हमी असते. त्याच्या खालोखाल असतो तो 'रिकरिंग' कलाकार. त्याला भागागणिक मानधन मिळते, पण पुढच्या आठवड्यात बोलावणे येईलच याची हमी नसते, आणि म्हणूनच तो दोन दिवसांतही संपू शकतो किंवा दहा वर्षेही टिकू शकतो. त्यानंतर एका दिवसापुरते येणारे कलाकार आणि सर्वांत शेवटी ज्यांच्या वाट्याला पाचांहून कमी वाक्ये येतात असे कलाकार. या शेवटच्यांना तिथे त्या वाक्यसंख्येवरूनच ओळखले जाते. पाहुणा नावाची वेगळी पायरी या उतरंडीत नाही. त्यामुळे पुरस्काराच्या वेळी 'रिकरिंग' कलाकारांतील बरेच जण या वर्गात येतात. व्हर्नी वॉटसन यांची स्टेला हेन्री ही व्यक्तिरेखा २०१७ पासून 'जनरल हॉस्पिटल'च्या कथानकात येत-जात राहिली आणि २०१८ साली तिलाच पाहुण्या कलाकाराचा पुरस्कार मिळाला.

अ‍ॅली मिल्स यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. हेदर वेबर हे जुने खलपात्र आहे आणि ते पूर्वी रॉबिन मॅटसन यांनी दीर्घकाळ गाजवले होते. दुसऱ्या अभिनेत्रीच्या चेहऱ्याने प्रेक्षकांच्या मनात पक्के बसलेले पात्र २०२२ साली मिल्स यांनी हाती घेतले आणि तिच्या हातून शहरात खून घडवणारे कथानक पेलले. हे काम अवघड आहे आणि पुरस्कारयोग्यही आहे, परंतु ते सहाय्यक अभिनेत्रीच्या वर्गात शोभले असते. चार भागांत येऊन गेलेल्या नटासमोर महिनोन्महिने चाललेले खलपात्र उभे केले, तर दुसऱ्याकडे प्रवेशिकेसाठी निवडायला प्रसंग कितीतरी पटींनी अधिक असतात. त्या दोघांची तुलना परीक्षकांनी कोणत्या मापाने करावी?

रात्रीच्या मालिकांसाठी असलेल्या प्राइमटाइम एमीत २०१५ पासून स्पष्ट नियम आहे : मालिकेच्या निम्म्याहून कमी भागांत दिसलेला कलाकारच पाहुणा मानला जातो. तिथे एका हंगामात आठ, दहा किंवा बावीस भाग असतात, तेव्हा हे माप चालते. दुपारची मालिका आठवड्यातून पाच दिवस, वर्षाला सुमारे अडीचशे भाग दाखवते. तिला हेच माप लावले तर सव्वाशे भागांत दिसणाराही पाहुणा ठरेल. त्यामुळे दुपारच्या मालिकांना टक्केवारीऐवजी भागांची ठोस संख्याच हवी, आणि ती लहान हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभरात दहा-बारा भागांपलीकडे गेलेले काम सहाय्यक वर्गात जावे. तसे झाले तर 'रिकरिंग' कलाकारांचा मान कमी होणार नाही आणि दोन दिवसांसाठी येऊन प्रसंग जिवंत करणाऱ्याला त्याची हक्काची जागा मिळेल.

आणखी एक उणीव सांगतो. मुख्य अभिनेता आणि मुख्य अभिनेत्री यांना स्वतंत्र पुरस्कार आहेत, मात्र पाहुण्यांसाठी स्त्री-पुरुषांचा मिळून एकच.

प्रश्न : विजेता कोण ठरवते? प्रेक्षकांची मते घेतात का? – एक वाचक, बेळगाव

नाही. हे पुरस्कार नॅशनल अकादमी ऑफ टेलिव्हिजन आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था देते आणि परीक्षण त्याच व्यवसायातील मंडळी करतात. कलाकार आदल्या वर्षातील आपले निवडक प्रसंग एकत्र करून प्रवेशिका म्हणून पाठवतो आणि परीक्षक तेवढ्यावरून गुण देतात. त्यामुळे कोणते प्रसंग निवडले, यावर बरेच अवलंबून असते. व्हॅन डाइक यांचे भाग २०२३ चे होते आणि पुरस्कार २०२४ चा, तो याच पद्धतीमुळे. मोठ्या वाहिन्यांच्या मालिका इतक्या कमी उरल्या आहेत की नामांकनांत त्याच त्या मालिकांची नावे दिसतात. 'गायडिंग लाइट' २००९ मध्ये आणि 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' २०१० मध्ये बंद पडली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, सीबीएसने 'बियाँड द गेट्स' ही नवी दैनिक मालिका सुरू केली, ही या क्षेत्रासाठी आनंदाची गोष्ट आहे.

प्रश्न : नव्वदीच्या सुरुवातीला स्टार प्लसवर आम्ही 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आणि 'सांता बार्बरा' पाहत असू. मोठे सिनेनट अशा मालिकांत का जातात? – एक वाचिका, पणजी

पुष्कळदा त्याचे कारण निखळ आवड हे असते. एलिझाबेथ टेलर 'जनरल हॉस्पिटल'च्या चाहत्या होत्या आणि १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये ल्यूक आणि लॉरा या पात्रांच्या गाजलेल्या लग्नाच्या वेळी त्या हेलेना कॅसडाइन म्हणून आल्या. नवदांपत्याला शाप देणारी ही स्त्री मोजक्याच प्रसंगांत दिसली. ते लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. टेलर यांच्या त्या कामासाठी पुरस्काराचा वर्गच तेव्हा उरला नव्हता. पण पाहुण्याने पेरलेले पात्र किती खोल रुजू शकते ते पाहा : पुढे १९९७ पासून हीच हेलेना कॉन्स्टन्स टॉवर्स यांनी अनेक वर्षे साकारली. व्हॅन डाइक यांच्या बाबतीतही ड्रेक होगेस्टिन यांच्याशी व्यायामशाळेत असलेली ओळख कामी आली. डोना मिल्स यांची सुरुवातच दुपारच्या मालिकांतून झाली होती, तेव्हा त्यांच्यासाठी ते माहेरी येणे होते.

आवडीने येणाऱ्यांना तिथला वेग मात्र चकित करतो. चित्रपटात दिवसाला दोन-तीन पानांचे चित्रीकरण होते. इथे एका दिवसात ऐंशी ते शंभर पानांची संहिता संपवतात. एकाच वेळी तीन-चार कॅमेरे चालू असतात, उभे राहण्याच्या जागा एकदा ठरवून घेतात आणि पहिला टेक चुकला नाही तर तोच ठेवतात. वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्यांना समोरचा कुठे थांबेल हे ठाऊक असते. पाहुण्याला ते पहिल्याच सकाळी ओळखावे लागते.

प्रश्न : मी मराठी मालिकांत दोन-तीन दिवसांच्या भूमिका करतो. कधी डॉक्टर, कधी वकील, कधी मुलगी पाहायला आलेल्यांतला काका. आमच्या कामाची दखल घेणारा वर्ग आपल्याकडेही असावा असे आपणास वाटते का? – एक कलाकार, ठाणे

मनापासून वाटते. आपल्याकडे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक अनेकदा चार-सहा दिवसांचीच असते, संवाद सेटवर हातात पडतात आणि बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये आपल्या प्रसंगाची पाळी रात्री येते. अशा स्थितीत नेहमीच्या कलाकारांच्या लयीत मिसळून जाणारा वकील किंवा काका उभा करणे हे कसबाचे काम आहे. त्या काकाने होकार-नकारापूर्वी घेतलेला एक विराम चुकला, तर नायिकेचा पुढचा हुंदकाही खोटा वाटतो.

अडचण रचनेत आहे. आपल्याकडील बरेच वार्षिक सोहळे वाहिन्याच आपापल्या मालिकांसाठी करतात आणि त्यात नायक-नायिका, जोडी, कुटुंब अशा लोकप्रिय वर्गांना प्राधान्य मिळते. सर्व वाहिन्यांचे कलाकार एकमेकांचे काम पाहून गुण देतील, असे व्यासपीठ उभे राहिले तर त्यात दहा भागांच्या आतील भूमिकांसाठी एक वर्ग पहिल्याच वर्षी ठेवावा, आणि तो केवळ पाहुण्या तारे-तारकांसाठी राखीव ठेवू नये. १९८० साली मॅकफिलिप्स यांनी नामवंतांच्या पंक्तीत बसून पुरस्कार जिंकला, तो अशाच मोकळ्या वर्गात. तोवर आपण आपले प्रसंग प्रसारणाच्या तारखेसह जपून ठेवावेत. संपूर्ण भागाऐवजी केवळ आपला आणि समोरच्या कलाकाराचा सलग प्रसंग ठेवावा. त्यात आपण ऐकताना कसे दिसतो हे येऊ द्यावे, कारण पाहुण्याच्या वाट्याला बोलण्याहून ऐकणेच अधिक येते आणि जाणता परीक्षक तेच आधी पाहतो.