मोठ्यांनी मुलांची माफी मागावी का?

प्रिय बाळा,

परवा तू विचारलंस, "आपल्या मराठी घरांत मोठी माणसं लहानांना सॉरी का म्हणत नाहीत? रोज रात्री देवाकडे माफी मागतात, मग ज्याच्यावर ओरडले त्याच्याकडे का नाही?" पहिला प्रश्न मी पूर्वीही ऐकला आहे. दुसरा मात्र लागला. घाईत उत्तर दिलं असतं तर एकतर तुझ्या आजोबांची, नानांची, वकिली झाली असती, नाहीतर त्यांच्यावर ठपका. म्हणून हे पत्र.

आधी त्या पिढीची बाजू. त्या घरांत माफी नव्हती असं नाही, ती तोंडाने मागितली जात नव्हती. रागावलेला बाप तासाभराने काहीतरी निमित्त काढून मुलाला हाक मारायचा, वही बघायला मागायचा, प्रार्थनेनंतर आशीर्वाद देताना त्याच्या डोक्यावरचा हात जरा जास्त वेळ ठेवायचा. मुलांना ते बरोबर कळायचं. मी अशाच घरात वाढले, आणि त्या हाताची किंमत मी कमी करणार नाही. ज्या माणसांशी त्यांचे स्वतःचे वडील कधी दोन मऊ शब्द बोलले नव्हते, त्यांनी तो हात ठेवायला शिकणं हेही सोपं नव्हतं.

पण या पद्धतीत जे राहून जातं ते तू नेमकं पकडलंस. अशा खुणेवरून एवढंच कळतं की राग संपला. काय चुकलं आणि कोणाचं चुकलं, हे कळत नाही. सात-आठ वर्षांचं मूल मग आपल्यापुरता अर्थ लावतं की चूक माझीच होती आणि आता मला माफ केलंय. ज्याने माफी मागायची तोच माफ करणारा होऊन बसतो. कौटुंबिक प्रार्थनेतही असंच घडू शकतं. सगळ्यांचे अपराध एकत्र कबूल केले जातात, आणि संध्याकाळी बापाने उगारलेला हात त्यात कुठे गेला ते मुलाला सापडत नाही.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशू क्रम सांगतो. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच उठून जायचं आहे. वयाने मोठा असेल तर त्याला सूट, असं तिथे कुठेही नाही. तुझा प्रश्न याच जागेवर बोट ठेवतो, म्हणून मला तो उद्धट वाटला नाही.

मोठ्यांना भीती असते ती मान जाण्याची. आईबापाचा मान राख, ही दहा आज्ञांपैकी आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मोजणीत पाचवी आणि कॅथलिकांच्या मोजणीत चौथी. ती मुलांना पाठ असते, कारण मोठे ती आठवण करून देतात. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल ती मुलांना सांगतो, आणि लगेच चौथ्या वचनात बापांकडे वळतो: मुलांना चिडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्रात तो कारणही देतो, ती खचून जातील म्हणून. ज्या रोमी जगात हे लिहिलं गेलं तिथे बापाला मुलांवर कायद्याने प्रचंड अधिकार होता. त्या काळात बापाला "तूही जपून वाग" असं सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. आपल्या घरांत पहिली तीन वचनं पाठ झाली आणि चौथं बरेचदा मागे पडलं, असं मला वाटतं.

माफी मागितल्याने मान खरंच जातो का, याचं उत्तर मला योहानाच्या तेराव्या अध्यायात मिळतं. येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र अवघडतो आणि म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. आई किंवा बाप समोर बसून "माझं चुकलं" म्हणतात तेव्हा मुलंही अशीच अवघडतात, "असू दे गं" म्हणून विषय बदलतात. पण पाय धुऊन झाल्यावर येशू काय म्हणतो बघ. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ते ठीकच आहे, कारण मी तो आहेच. खाली वाकल्याने त्याची जागा गेली नाही, आणि आपली जागा आहे तशी आहे हे त्याने स्पष्ट सांगितलं. माफी मागितल्यावर पालक पालकच राहतो. मोबाईल रात्री दहानंतर बाहेर ठेवायचा, हा नियम आई ओरडली म्हणून रद्द होत नाही. आई माफी मागते ती ओरडण्याची, नियमाची नाही. हा फरक ज्या घरात कळत नाही तिथे दोन गोष्टी होतात. काही पालक नियम सुटेल या भीतीने माफीच मागत नाहीत, आणि काही माफी मागताना नियमही सोडून देतात. मग मुलाला वाटतं, आई रडवेली झाली की सूट मिळते.

तू विचारलं नाहीस, पण माफी नीट कशी मागावी हे मी लिहिणार आहे, कारण न मागण्याइतकीच वाईट मागितलेली माफीही घरोघरी सापडते. राग ओसरल्यावर जावं, पण शक्यतो त्याच दिवशी. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, हे वचन मला याच बाबतीत फार उपयोगाचं वाटतं. मुलाला समोर बोलावून उभं करू नये. आपण उठून त्याच्याकडे जावं आणि त्याच्या उंचीला बसावं. मग कृतीचं नाव घ्यावं. "आज जरा जास्तच झालं" यात कोणी काहीच केलेलं नसतं. "मी तुला तुझ्या मैत्रिणींसमोर आळशी म्हटलं, ते चुकीचं होतं" यात काय घडलं ते आहे आणि कोणी केलं तेही आहे. त्यानंतर "पण" आला की सगळं फुकट जातं. "पण तूही ऐकत नव्हतीस" हे खरं असलं तरी त्याची वेळ ही नव्हे. मुलाच्या चुकीबद्दल वेगळ्या वेळी बोलावं, दुसऱ्या दिवशी बोललं तरी चालतं.

मग मुलाला कसं वाटलं ते विचारावं आणि ऐकावं. इथेच बहुतेकांची फसगत होते. मूल बोलायला लागलं की पालक खुलासे द्यायला लागतात, कामाचा ताण, दमणूक, काळजी. सगळं खरं असेल, पण ऐकताना ते बाजूला ठेवावं. याच्या उलटही होतं: "मी किती वाईट आई आहे" म्हणून पालकच रडू लागतात, आणि ज्याला लागलं त्यालाच त्यांची समजूत काढावी लागते. ही नम्रता नव्हे. नम्र माणसाचं लक्ष त्या क्षणी मुलाकडे असतं, स्वतःच्या वाईटपणाकडे नाही.

शेवटी "मला माफ करशील?" असं विचारावं आणि उत्तरासाठी थांबून राहू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं पुरतात, ते लगेच खेळायला पळतं. तुझ्या वयाच्या मुलीला दोन दिवस लागू शकतात, आणि ते दिवस तिचे आहेत. "चल, आता मिळून प्रार्थना करू" हे तिचा राग अजून जिवंत असताना म्हणणं म्हणजे देवाला मध्ये घालून तिच्याकडून होकार काढून घेणं. जिथे चारचौघांत अपमान केला तिथे माफीही त्याच चौघांसमोर मागावी. लूकमधला जकातदार जक्कय नुसतं चुकलं म्हणत नाही. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देईन म्हणतो. घरात चौपट देण्यासारखं काही नसतं, पण काही बदलताना दिसावं लागतं. तीच माफी दर आठवड्याला त्याच गोष्टीसाठी मागितली गेली, तर मूल ती ऐकणं सोडून देतं आणि त्यात मुलाचा दोष नसतो.

अर्धवट माफीचं काय होतं, ते बायबलच्या दुसऱ्या शमुवेलात राजा दावीद आणि त्याचा मुलगा अबशालोम यांच्या गोष्टीत आहे. भावाला मारून अबशालोम गशूरला पळाला आणि तीन वर्षं तिथे राहिला. दावीदाचा सेनापती यवाब याने खटपट केली म्हणून दावीदाने त्याला यरुशलेमेत परत आणलं, पण माझं तोंड पाहायचं नाही, अशी अट घातली. एकाच शहरात बाप आणि मुलगा दोन वर्षं समोरासमोर आले नाहीत. मुलाचा गुन्हा भयंकर होता, त्याची शिक्षा झाली असती तर तेही एक उत्तर होतं. इथे धड शिक्षा नाही, धड क्षमा नाही. पुढे भेट झाली, दावीदाने त्याचं चुंबनही घेतलं, पण झाल्या गोष्टीबद्दल दोघं काही बोलल्याची नोंद नाही. त्यानंतर अबशालोम उठाव करतो. सगळं त्या अबोल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्याची महत्त्वाकांक्षाही होती. तरी "घरात आहे ना, मग झालं" एवढ्यावर थांबणाऱ्या प्रत्येक आईबापाने तो चौदावा अध्याय वाचावा असं मला मनापासून वाटतं.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात याच्या उलट आहे. बापाकडून घेतलेला वाटा उडवून घरी परतणारा धाकटा मुलगा भाषण जुळवतो, त्याचं शेवटचं वाक्य असतं, मला मजुरांपैकी एक म्हणून ठेवा. बापाला तो दूर असतानाच दिसतो, बाप धावत जातो, आणि ते शेवटचं वाक्य मुलाच्या तोंडून येतच नाही. आपण उपासनेत हा भाग इतका ऐकतो की पुढचं निसटतं. मोठा मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, तेव्हा तोच बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. यजमान असून, पाहुणे आत असताना. आणि जे माझं ते तुझंच, असंही मोठ्याला सांगतो. म्हणजे धाकट्याने उडवलेला वाटा त्याला पुन्हा मिळणार, असा शब्द बाप देत नाही. क्षमा पूर्ण झाली तरी हिशेब राहू शकतो.

आता तुझ्या बाजूचं. हे मी लादत नाही, पटेल तेवढं घे. माफ करणं म्हणजे "काही झालंच नाही" म्हणणं नव्हे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू क्षमेआधी चूक दाखवून द्यायलाही सांगतो, आणि मला वाटतं ते मुलांनाही लागू आहे. आमचं चुकलं तर आम्हाला सांग. भांडणाच्या ऐन भरात नको, थोडं शांत झाल्यावर, आणि "तुम्ही नेहमीच असं करता" असं न म्हणता, त्या दिवशी काय झालं आणि तुला काय लागलं एवढंच. क्षमा आणि विश्वास एकत्र येतातच असंही नाही. माफ केल्यावरही पुन्हा मोकळेपणाने बोलायला वेळ लागला, तर तू क्षमेत कमी पडलीस असं नाही. आणि कोणी मारत असेल, नकोसा स्पर्श करत असेल, घाबरवून गप्प ठेवत असेल, मग तो घरातला असो की मंडळीतला, तर ते लगेच सांगायचं: मला, शाळेत, डॉक्टरांना, पोलिसांना. "ख्रिस्ती माणसाने माफ करावं" असं म्हणून तुला कोणी गप्प बसवलं, तर ते वचनाचा गैरवापर करताहेत.

नानांबद्दल एक विनंती. त्यांच्याकडून या वयात ते शब्द ऐकण्याचा हट्ट धरू नकोस. पण त्यांच्या वागण्याने तुला लागलं असेल तर ते मनात ठेवण्यापेक्षा त्यांना सांग. मराठीत बोलताना अडलीस तर मी सोबत बसेन. ते काय उत्तर देतील हे मी आधीच ठरवून टाकणार नाही.

आणि या पत्रातलं जे पटलं नाही, ते रविवारी उपासनेहून परतताना सांग.

तुझी,
आई