डीएनए जुळला म्हणजे नक्की किती जुळला? खानापूर-हल्याळकडच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोर्टातल्या डीएनए रिपोर्टवर थोडं लिहिलं होतं, की शेवटी जो 'इतक्या कोटीत एक' असा आकडा छापलेला असतो तो कुठल्या समाजाच्या माहितीवरून काढलाय ते विचारत चला. त्यावर बरेच प्रश्न आलेत, जास्त करून खानापूर, हल्याळ, जोयडा भागातून, म्हणजे जिथं सिद्दी, गवळी, कुणबी वस्त्या आहेत तिथून. म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात ज्युनिअर वकील आहे. एका केसमध्ये आरोपी सिद्दी समाजाचा आहे, रिपोर्टमध्ये मॅच आलाय आणि आकडा एवढा मोठा आहे की सीनिअर म्हणालेत आता वाद घालण्यात अर्थ नाही. खरंच अर्थ नाही का? आरोपी सिद्दी असल्यानं काही फरक पडतो का? (टिळकवाडी)

फरक पडतो, पण तुम्हाला वाटतोय तसा नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. लॅबवाले आपला सगळा डीएनए वाचत नाहीत. ठरलेल्या काही जागा बघतात, त्यांना एसटीआर मार्कर म्हणतात, तिथं डीएनएचा एक छोटा तुकडा परत परत आलेला असतो, कुणाचा १२ वेळा, कुणाचा १४ वेळा. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून एक बापाकडून. अमेरिकेत आधी अशा १३ जागा ठरवल्या होत्या, २०१७ पासून २० केल्या, आपल्याकडच्या लॅबमधली आजकालची किटंही साधारण तेवढ्याच नाहीतर जास्त जागा बघतात. रिपोर्टसोबत जो ग्राफ असतो तो मागून घ्या आणि स्वतः बघा, सरळ रेषेवर टोकदार शिखरं दिसतील आणि प्रत्येक शिखराखाली चौकटीत आकडा असेल. घटनास्थळावरच्या नमुन्याची शिखरं आणि आरोपीची शिखरं सगळ्या जागी तीच आली की मॅच.

आता तो आकडा. समजा एका जागी आरोपीचे आकडे १२ आणि १४ आहेत. एखाद्या समाजात १२ चं प्रमाण ०.१ आणि १४ चं ०.२ असलं तर ही जोडी सापडायची शक्यता २ × ०.१ × ०.२, म्हणजे ०.०४, पंचवीस माणसांत एक. अशा तीन जागा घेतल्या आणि गुणाकार केला की साडेपंधरा हजारांत एक. पण दुसरा एखादा समाज लहान आहे, पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं होतात, आणि तिथं १२ चं प्रमाण ०.३ आणि १४ चं ०.४ आहे असं धरा. तिथं तीच जोडी चार माणसांत एकाची निघते आणि तीन जागांचा गुणाकार बहात्तरांत एक. हे आकडे मी समजावायला घेतलेत, कुठल्या समाजाचे खरे नाहीत, पण हिशोब असाच चालतो. माणूस तोच, रक्त तेच, फक्त आकडेवारी कुणाची धरली त्यानं साडेपंधरा हजाराचे बहात्तर झाले.

हा वाद नवा नाही. १९९१ च्या डिसेंबरात 'सायन्स' मासिकात लेवॉन्टिन आणि हार्टल या दोघांनी लिहिलं की मोठ्या समाजाच्या आत लहान लहान गट असतात, त्यांच्यात मार्करचं प्रमाण वेगळं असतं, मग सरसकट सरासरी लावून गुणाकार कसा काय करताय. त्याच अंकात रणजित चक्रवर्ती, हे आपले कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, आणि केनेथ किड यांनी उत्तर दिलं की फरक असतो पण वाटतो तेवढा नाही. पुढं १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं तोडगा दिला, थीटा नावाची एक दुरुस्ती, म्हणजे एकाच गटातली माणसं एकमेकांची लांबची नातेवाईक असू शकतात हे हिशोबात धरायचं. साध्या लोकसंख्येला ०.०१ आणि लहान, वेगळ्या पडलेल्या जमातींना ०.०३ धरायची. वरच्या उदाहरणात पंचवीसांत एक होता तो ०.०३ ची दुरुस्ती लावली की साधारण एकोणीसांत एक होतो. एका जागेला फरक थोडा वाटतो, पण नमुना अर्धवट असला आणि पाचसहाच जागा वाचता आल्या तर तो जाणवतो.

आता सिद्दींचं. हे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, आपल्याकडचे बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून सुटून पश्चिम घाटाच्या जंगलात आलेले. २०११ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटक आणि गुजरातच्या सिद्दींचा अभ्यास छापला, त्यात त्यांचा आफ्रिकी वाटा साधारण ६० ते ७५ टक्के निघाला, बाकी भारतीय आणि थोडा युरोपियन, आणि हे मिसळणं साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं. म्हणजे आफ्रिकेत नेहमी दिसणारा पण आपल्याकडं क्वचित सापडणारा एखादा आकडा सिद्दींमध्ये बऱ्यापैकी असू शकतो. लॅबनं सर्वसाधारण कर्नाटकाची आकडेवारी लावली तर तो आकडा फार दुर्मिळ वाटणार आणि शेवटची संख्या फुगणार.

पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती बऱ्याच वकिलांच्या ध्यानात येत नाही. आरोपी कुठल्या समाजाचा हा प्रश्नच नाही, आरोपी सोडून दुसरा कोण असू शकला असता हा प्रश्न आहे. घटना बेळगावच्या बसस्टँडवर झाली असेल तर दुसरा माणूस कुणीही असू शकतो, तिथं सर्वसाधारण आकडेवारी चालते. घटना जंगलातल्या सिद्दी वस्तीत झाली असेल, रात्री बाहेरचं कुणी येत नसेल, तर दुसरा माणूस म्हणजे त्याच वस्तीतला, बहुतेक त्याचा चुलतभाऊ नाहीतर सख्खा भाऊ. आणि सख्ख्या भावांमध्ये एका जागी दोन्ही आकडे जुळायची शक्यता कधीच एक चतुर्थांशाच्या खाली जात नाही, आपल्या वरच्या उदाहरणात ती तीनात एक येते. म्हणून सीनिअरना सांगा, वीसबावीस जागा स्वच्छ जुळल्या असतील तर समाजाच्या नावावर रिपोर्ट पडणार नाही, तो वाद खरंच घालू नका. पण किती जागा जुळल्या, कुठली आकडेवारी धरली, थीटा किती लावली, भावाबंधांचा हिशोब केला का, नमुन्यात एकापेक्षा जास्त लोकांचा डीएनए मिसळला होता का, हे उलटतपासणीत विचारायलाच पाहिजे, आणि तो तुमच्या अशिलाचा हक्क आहे.

प्रश्न : आम्ही गवळी लोक. आम्हाला एसटीत घ्या म्हणून मागणी आहे. डीएनए टेस्ट करून आम्ही आदिवासी आहे हे सिद्ध होतंय काय? एक जण म्हणाला पैसे भरले तर सर्टिफिकेट मिळतंय. (खानापूर तालुका)

दादा, पैसे भरू नका. डीएनएवरून कुणाची जात किंवा जमात सिद्ध होत नाही. मार्करचं प्रमाण गटागटात थोडं कमीजास्त असतं एवढंच, एका माणसाचा रिपोर्ट बघून हा अमुक जमातीचा असं छातीठोक सांगणारा कुठलाच मार्कर नाही. आणि कायद्यालाही ते लागत नाही. अनुसूचित जमातींची यादी संविधानाच्या ३४२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरते आणि बदलायची तर संसदेत बदलते. सिद्दींचंच बघा, उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ मध्ये एसटीत घेतलं, पण घाटाच्या अलीकडच्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींना त्यासाठी २०२० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. रक्त एक, सोयरीक एक, जिल्ह्याची हद्द मधे आली म्हणून सतरा वर्षं गेली. तुमची मागणी कागदपत्रं, चालीरीती, इतिहास यावर लढायची आहे, रक्तावर नाही.

प्रश्न : मॅडम, माझं लग्न मामाच्या मुलाशी झालंय. आता नवरा पोटगी द्यायची नाही म्हणून मुलाची डीएनए टेस्ट मागालाय. नात्यात लग्न असलं की रिपोर्ट चुकीचा येतो असं कुणीतरी सांगितलं, भीती वाटालीय. (निपाणी)

ताई, घाबरू नका, नात्यातल्या लग्नानं खरा बाप 'नाही' ठरत नाही. तुम्ही आणि नवरा मामे-आत्येभावंडं, म्हणजे आजी-आजोबा एकच, त्यामुळं काही जागी तुमचे दोघांचे आकडे तेच असणार. मग मुलाचा एखादा आकडा तुमच्याकडून आला की त्याच्याकडून, हे त्या जागी कळत नाही आणि ती जागा कमी उपयोगाची ठरते. उपाय सोपा आहे, जास्त मार्कर बघायचे आणि लॅबला नातं आधीच सांगायचं, फॉर्मवर लिहून द्यायचं, म्हणजे ते हिशोब त्या नात्यानं करतात. आपल्या भागात मामाच्या घरी मुलगी देणं चालत आलंय, कन्नड घरांत तर बहिणीच्या मुलीशी मामाचंच लग्न होतं, त्यामुळं इथल्या केसमध्ये ही माहिती दडवून काही फायदा नाही.

आणि एक, एखाद्या जागी आकडा जुळला नाही म्हणजे संपलं असं नाही. बापाकडून मुलाकडं जाताना हजारात एकदोन वेळा आकडा एकानं बदलतो, त्याला म्युटेशन म्हणतात. एका जागेवरून कुठलीच चांगली लॅब बाप नाही असं लिहीत नाही. कोर्टाचं म्हणाल तर लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरायचं हा नियम आजही आहे आणि नवऱ्यानं मागितली म्हणून कोर्ट लगेच टेस्ट देत नाही, तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं असंही म्हटलंय की खात्रीचा रिपोर्ट आणि तो नियम यांची टक्कर झाली तर रिपोर्ट चालेल. वकिलाला हे दोन्ही विचारा.

प्रश्न : पोलिसांनी आमच्या वाड्यातल्या एका पोराला धरलंय, म्हणाले वाय क्रोमोझोम जुळला. तेवढं पुरतं काय? (लोंढा)

नाही पुरत. वाय क्रोमोझोम बापाकडून मुलाकडं जवळजवळ जसाच्या तसा जातो, म्हणून आजा, बाप, काका, चुलत, पुतण्या, सगळ्यांचा एकच निघतो. जिथं अख्खा वाडा एकाच मूळपुरुषाचा आहे तिथं वाय जुळला म्हणजे वाड्यातल्या सगळ्या पुरुषांचा जुळला. ही टेस्ट वाईट नाही, बलात्काराच्या केसमध्ये बाईचा डीएनए जास्त आणि पुरुषाचा थोडा असतो तेव्हा हीच कामाला येते, आणि वाय जुळलाच नाही तर निरपराध माणूस तिथंच सुटतो. पण जुळल्यावर साध्या एसटीआरचा रिपोर्टही मागा, आणि साध्या मार्करसारखा गुणाकार करून वायचा आकडा दिला असेल तर त्याला हरकत घ्या, कारण वायवरच्या सगळ्या जागा एकगठ्ठा जातात, त्यांचा गुणाकार चालत नाही.

प्रश्न : पावसात भिजलेल्या कपड्यावरून डीएनए मिळतो का? (कणकुंबी)

मिळतो, पण कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातला तर. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी येते, डीएनएचे तुकडे पडतात, मग मोठ्या लांबीचे मार्कर आधी जातात आणि चारपाच जागाच उरतात. तुमच्याकडच्या पावसात पंचनाम्याच्या वेळी हे डोळ्यांनी बघा आणि पाकीट कसलं होतं ते पंच म्हणून लिहायला लावा.

प्रश्न : मॅडम मी आशा आहे. आमच्याकडं सिकलसेलच्या तपासणीत बोटातून रक्त घेतात. मागं बाहेरून एक टीम पण आली होती, त्यांनी कार्डावर रक्ताचे थेंब घेतले आणि गेले, परत कुणी आलं नाही. लोक आता मला विचारतात आमचं रक्त पोलिसाकडं गेलं काय. मी काय सांगू? (हल्याळ तालुका)

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. सिकलसेलची तपासणी आजारासाठी आहे, तिच्यात एसटीआर बघत नाहीत, ती करून घ्या. ते कार्ड म्हणजे बहुतेक एफटीए कार्ड, जाड पांढरा कागद, त्यावर गोल छापलेले, एकेका गोलात थेंब. ते वाळलं की साध्या हवेत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणूनच ते कुणाकडं आहे हे विचारायलाच पाहिजे.

अशा नमुन्यांची गरज मला मान्य आहे. वर वकिलांना जे सांगितलं ते तेव्हाच शक्य होईल जेव्हा सिद्दी, कुणबी, गवळी यांची आकडेवारी कुणीतरी नीट गोळा करून छापेल. ती नसली तर नुकसान याच लोकांचं होणार. पण ती लोकांना विचारून, समजावून गोळा झाली पाहिजे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांत आदिवासींसाठी वेगळं लिहिलंय, की संशोधनाचा त्या लोकांना उपयोग पाहिजे, तिथं जायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्याची परवानगी पाहिजे, संमती घेताना गावातले जाणते आणि त्यांची भाषा येणारा माणूस पाहिजे, आणि साक्षीदार पाहिजे. गौडानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, होय म्हटलं म्हणून सगळ्यांची संमती झाली असं होत नाही.

अमेरिकेत ॲरिझोनात हवासुपाई नावाची लहान जमात आहे. १९९० पासून विद्यापीठाच्या लोकांनी डायबेटीसचा अभ्यास म्हणून त्यांचं रक्त नेलं, आणि नंतर तेच रक्त स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं, जमात कुठून आली, असल्या अभ्यासाला वापरलं. लोकांना कळल्यावर त्यांनी केस केली, २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले नमुने परत मिळाले.

पोलिसांचं वेगळं आहे. अटक झालेल्याचा नमुना ते डॉक्टरकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१ आणि ५२ कलमाखाली घेऊ शकतात, त्याला संशोधनाचं कार्ड लागत नाही. पण डीएनए बँकेवर नियम घालणारं जे बिल २०१९ मध्ये आणलं होतं ते २०२३ मध्ये मागं घेतलं, त्यामुळं संशोधनाचा नमुना दुसरीकडं जाऊ नये यासाठी सध्या आपल्या हातात मुख्य आधार म्हणजे संमतीचा कागद. त्यात तीन गोष्टी शोधा, कशासाठी घेतलं, कोण ठेवणार आणि किती वर्षं, आणि परत मागता येतं का. कागद कोकणीत, मराठीत, कन्नडात लोकांना वाचून दाखवला होता का तेही विचारून बघा. वस्तीत कुणाकडं त्याची प्रत राहिली असेल तर फोटो काढून कॉलमच्या पत्त्यावर पाठवा, नावं झाकून, मी वाचून तुम्हाला सोप्या भाषेत लिहून देते.