अमेरिकेने दहशतवादाच्या इशाऱ्याची रंगांची पद्धत का बंद केली?

मुख्य कारण असे, की त्या रंगांवरून नागरिकाने नेमके काय करावे हे कळत नसे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, मार्च २००२ मध्ये, हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा पाच पातळ्या ठरवण्यात आल्या. परंतु देशाची पातळी पिवळ्याच्या खाली कधीच आली नाही, आणि वर्षानुवर्षे तसाच राहणारा इशारा लोकांच्या नजरेआड होतो.

फेब्रुवारी २००३ मध्ये पातळी नारिंगीवर गेली, तेव्हा रासायनिक हल्ल्याच्या शक्यतेमुळे घरात प्लॅस्टिकचे कापड आणि चिकटपट्टी ठेवण्याचा सल्ला सरकारकडून मिळाला, आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजवण्यासाठी लोकांनी या वस्तूंची इतकी खरेदी केली, की अनेक दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या. त्या लोकांना हसणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची भीती खरी होती, माहिती मात्र अपुरी होती.

एप्रिल २०११ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत धोक्याचे स्वरूप, घ्यायची काळजी आणि इशाऱ्याची मुदत नमूद केली जाते. यांपैकी मुदत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती वाढवली नाही तर इशारा आपोआप संपतो.