अण्णांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं?

"ताई, मुलगा बोलला की लगेच उत्तर, मी बोलले की भिंत. सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं त्यांना!"

इंदूरची ही सून कानांसाठी आलीच नव्हती, घरातल्या कटकटीला कंटाळून आली होती. पुढच्या वेळी अण्णांनाही घेऊन या म्हटलं. वय 71, उमेदीची 20 वर्षं कापड गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेलेली. आल्याआल्याच म्हणाले, "मला ऐकू येतं हो. ही तोंडातल्या तोंडात बोलते, आणि मग एकदम ओरडते."

ऐकू येतं, पण कळत नाही. इथे माझे कान टवकारले.

तोंडासमोर कागद धरून मी म्हटलं, "साठ." अण्णा म्हणाले, "आठ." सून माझ्याकडे बघतच राहिली. परवा दूधवाल्याला साठ द्यायचे होते, अण्णांनी आठ दिले होते, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता!

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी मळ काढला, मग ऑडिओमेट्री, म्हणजे कोणता स्वर किती मोठा केल्यावर ऐकू येतो याची तपासणी झाली. दोन्ही कानांचा आलेख उंच स्वरांकडे, 4000 हर्ट्‌झपाशी घसरलेला. वयाने आणि वर्षानुवर्षांच्या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी झिजतात, त्याही उंच स्वर टिपणाऱ्या आधी. स, श, फ निसटतात, आ-ओ राहतात. म्हणून मुलाचा जाड आवाज पोहोचतो, सुनेचा आणि नातवाचा बारीक आवाज अर्धाच. ओरडलं तर? हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम टोचतो. म्हणजे दोघंही खरंच बोलत होती.

या पेशी परत उगवत नाहीत, औषधानेही नाही. पडद्याला भोक असेल किंवा कानातलं हाड आखडलं असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. अण्णांचं तसं नव्हतं. (एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होत जातो. कोमट तेल घालत बसू नका.)

उरलं कानाला लावायचं मशीन. "त्याने कान आळशी होतात," हे अण्णांचं पालुपद. होत नाहीत. पण पहिल्या दिवशी भांडी, वर्तमानपत्र, स्वतःचीच चप्पल, सगळं इतकं कर्कश वाटलं की संध्याकाळी मशीन डबीत. मेंदूला या आवाजांची सवयच राहिलेली नसते. रोज दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा, असं ठरवून दिलं. सुनेला सांगितलं: मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून हाक नको, समोर येऊन बोला.

सहा आठवड्यांनी तिचा फोन आला. "ताई, अण्णा सकाळपासून मागे लागलेत, नळ टपकतोय, दुरुस्त करून घ्या म्हणून."

तो नळ वर्षभर टपकत होता.