'प्रभुत्व', 'वर्चस्व' की 'सत्ता'?

पर्यावरणीय स्त्रीवाद (स्त्रीचे आणि निसर्गाचे शोषण एकाच दृष्टीतून होते, असे मानणारा विचार) आणि ख्रिस्ती सामाजिक शिकवण (सामाजिक प्रश्नांविषयीची चर्चची शिकवण) यांच्यातील समान भूमिकेविषयी मराठीत लिहिताना, दोघांनाही अमान्य असलेल्या निसर्गावरील हुकमतीसाठी 'प्रभुत्व' हा शब्द चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. एक तर मराठीत 'प्रभुत्व' हा शब्द दोष दाखवत नाही. भाषेवर प्रभुत्व असणे ही स्तुतीच आहे. दुसरे असे, की ख्रिस्ती वाचक येशूला 'प्रभू' म्हणतो, त्यामुळे 'प्रभुत्व नाकारा' हे वाक्य त्याला भलतीकडेच जाऊन लागते. खरी पंचाईत मात्र पुढे होते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ मधील 'लाउदातो सी' या पर्यावरणविषयक परिपत्रकात, मानवाला पृथ्वीवर अधिकार दिला आहे म्हणून इतर जीवांवर निरंकुश हुकूम गाजवण्याची मुभा मिळत नाही, असे बजावले आहे. दोन्ही जागी 'प्रभुत्व' घातले, तर 'प्रभुत्व दिले आहे, पण प्रभुत्व गाजवू नये' असे हास्यास्पद वाक्य तयार होते.

'उत्पत्ती' या बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील या अधिकारासाठी प्रचलित मराठी बायबलमध्ये 'सत्ता' हा शब्द आहे. तिथे तोच ठेवावा. स्त्रीवादी लेखनात 'पुरुषी वर्चस्व' रुळलेले असल्याने दोषासाठी 'वर्चस्व' घ्यावे. (संस्कृतात 'वर्चस्' म्हणजे तेज, त्या तेजाचा मराठीत वरचष्मा झाला, ही शब्दाची स्वतःचीच एक गंमत आहे.)

स्त्री आणि भूमी यांच्याकडे पाहण्याची मालकीची दृष्टी एकच आहे, हा पर्यावरणीय स्त्रीवादाचा मुख्य आक्षेप आहे. फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाझ दोबोन यांनी १९७४ मध्ये या विचाराला नाव दिले, आणि अमेरिकन धर्मचिंतक रोझमेरी रॅडफर्ड रूथर यांनी तो ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या आतूनच मांडला. हा आक्षेप समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. राजासाठीचे आपले जुने शब्द पाहा: भूपती, महीपती, पृथ्वीपती. 'पती' म्हणजे धनीही आणि नवराही, आणि त्यांतील भू, मही, पृथ्वी या तिन्ही स्त्रीलिंगी. जो आरोप सिद्ध करायला इतरत्र पुस्तके लिहावी लागली, तो इथे एकेका समासात मावला आहे.

आता जबाबदारीच्या बाजूचा, म्हणजे पृथ्वीवर हुकूम न गाजवता तिची काळजी घेण्यासाठीचा शब्द. बायबलच्या मराठी भाषांतरांत 'कारभारी' आढळतो. पण बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने स्त्रीवादावरच्या लेखात तो जपून वापरावा. 'विश्वस्त' निर्दोष आहे, पण कोरडा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि मशागतीसाठीच्या मूळ हिब्रू क्रियापदाचा 'सेवा करणे' असाही अर्थ होतो. म्हणून मी 'राखण' निवडीन: शेताची राखण करणारा त्या शेताचा धनी असेलच असे नाही, आणि राखण बाईनेही करता येते.

'धरणीमाता' हा शब्द मात्र दोन्ही बाजूंचा समजून सरसकट वापरू नये. परिपत्रकात पृथ्वी बहीण आणि आईही आहे; काही स्त्रीवादी लेखिकांना मात्र, मातेने न मागता सगळे देत राहावे ही अपेक्षा त्याच शब्दात दडलेली दिसते.